सरलेल्या मैफलीची ठेव



वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना नाना विषयांची सवय असते. काल इतिहास, आज अर्थकारण, उद्या संतवाङ्मय अशी ही पंगत चालते आणि श्रोतेही वाढलेल्या प्रत्येक पदार्थाला न्याय देतात. आमचा आजचा विषय मात्र पानातल्या डाव्या बाजूचा आहे. त्याने पोट भरणार नाही. पण तोंडाला थोडी चव आली तर आम्ही कृतार्थ होऊ.

विषय असा. एखादी मैफल रंगते, संपते, दिवे मालवले जातात आणि लोक आपापल्या चपला शोधीत बाहेर पडतात. त्यानंतर त्या मैफलीचे काय होते? चित्रकाराचे चित्र भिंतीवर राहते, कवीची कविता पुस्तकात राहते. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचे मात्र हवेतून उमटते आणि हवेतच जाते. एकोणिसाव्या शतकात ध्वनिमुद्रणाची युक्ती माणसाच्या हाती आली आणि जाणाऱ्या या गोष्टीला धरून ठेवता येऊ लागले. पण धरून ठेवलेली ती संध्याकाळ कोणाची? ज्याने वाजवले त्याची, ज्याने मुद्रित केले त्याची, की ज्याने तिकीट काढून ऐकले त्याची? आणि ती कोणी, कशासाठी सांभाळायची? या प्रश्नांची चर्चा आम्ही एका परदेशी उदाहरणावरून करणार आहोत. ते उदाहरण म्हणजे अमेरिकेतील 'ग्रेटफुल डेड' हा रॉक बँड आणि त्याच्या जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे बाहेर येण्याची वर्षानुवर्षे वाट पाहणारे त्याचे चाहते.

'बँड' म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे वरातीच्या पुढे चालणारा, लाल डगल्यांतला ताफा उभा राहील. हा बँड त्यातला नव्हे. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो या गावी १९६५ साली पाच तरुण एकत्र आले. जेरी गार्सिया आणि बॉब वीअर हे गिटार वाजवीत, फिल लेश बास गिटार वाजवी, रॉन मॅकर्नन ऑर्गन वाजवी आणि गाई, तर बिल क्रॉइट्झमन तालाची बाजू सांभाळी. आरंभी त्यांनी दुसरेच नाव घेतले होते. पुढे ते बदलावे लागले, तेव्हा एका कोशाची पाने चाळताना गार्सियाला 'ग्रेटफुल डेड' हे शब्द सापडले. त्यांचा अर्थ 'कृतज्ञ मृतात्मा'. अनेक देशांच्या लोककथांत आढळणारा हा एक कथाप्रकार आहे. एक प्रवासी वाटेने जात असता त्याला एक प्रेत बेवारस पडलेले दिसते. मेलेल्या माणसाचे कर्ज फिटल्याखेरीज त्याला मूठमाती देऊ द्यायची नाही, असा सावकारांचा हट्ट असतो. प्रवासी आपल्या कनवटीचा शेवटचा पैसा देऊन त्या अनोळखी माणसाचे कर्ज फेडतो आणि त्याचे अंत्यसंस्कार करवतो. पुढे तोच प्रवासी संकटात सापडतो, तेव्हा त्या मृताचा आत्मा सोबती बनून येतो आणि त्याला तारतो. ही कथा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी; आमच्या विषयाशी तिचा संबंध पुढे येणार आहे.

या बँडने तीस वर्षांत सुमारे २,३०० मैफली केल्या. शेवटची मैफल ९ जुलै १९९५ रोजी शिकागो येथे झाली. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, ९ ऑगस्टला, वयाच्या ५३व्या वर्षी गार्सिया वारला आणि त्या वर्षाअखेर उरलेल्यांनी ते नाव आवरते घेतले. येथवरचा वृत्तांत पुष्कळ बँडांचा असू शकेल. पण लोक एखाद्या गायकाच्या दहा-वीस निवडक तबकड्यांवर संतुष्ट असतात, तसे या बँडचे चाहते झाले नाहीत. त्यांना हवे असते अमुक गावची, अमुक तारखेची मैफल. आणि ती मिळाली, की तिच्या दुसऱ्या दिवशीची.

हा निव्वळ हव्यास आहे असे कोणास वाटेल. वस्तुतः त्यामागे सबळ कारण आहे आणि ते आपल्या महाराष्ट्रातील श्रोत्याला जितके चटकन पटेल तितके युरोपातील श्रोत्यालाही पटणार नाही. हा बँड कोणतेही गाणे दोनदा सारखे वाजवीत नसे. 'डार्क स्टार' हे त्यांचे गाणे १९६८ साली तबकडीवर निघाले, तेव्हा ते तीन मिनिटांहूनही लहान होते. पुढच्याच वर्षी 'लाइव्ह डेड' या संग्रहात त्याच गाण्याने तेवीस मिनिटे घेतली. गाण्याचे मुख वाजवायचे, मग सर्वांनी मिळून अज्ञात प्रदेशात शिरायचे, एकमेकांचे ऐकत वाट काढायची आणि जमेल तेव्हा मुखावर परत यायचे, अशी त्यांची रीत होती. आपल्याकडे बंदिश दोन-चार ओळींची असते. ती वहीत उतरवून घेतली म्हणून काही गवयाचा यमन हाती येत नाही. कालचा यमन निराळा आणि आजचा निराळा. ज्याला हे ठाऊक आहे, त्याला एकाच बँडच्या शेकडो मैफली ऐकू पाहणारा माणूस वेडा वाटणार नाही. शिवाय आज काय वाजवायचे हेही बहुधा आधी ठरलेले नसे. म्हणून प्रत्येक संध्याकाळ ही एक स्वतंत्र कृती होती आणि ती हरवली की त्या कृतीची दुसरी प्रत जगात कोठेही नव्हती.

आता या संध्याकाळी राखल्या कोणी, ते पाहू.

पहिले नाव आउझ्ली स्टॅन्ली या गृहस्थाचे. हा आरंभीच्या काळात बँडची ध्वनियोजना पाहत असे. त्याची खरी कुप्रसिद्धी निराळीच आहे. एलएसडी हे नशा आणणारे रसायन तो मोठ्या प्रमाणावर तयार करी आणि त्यासाठी त्याने तुरुंगवासही भोगला. ही बाजू आम्ही झाकून ठेवीत नाही. त्या काळच्या त्या साऱ्या चळवळीवर मादक पदार्थांची छाया होती आणि तिची किंमतही चुकवावी लागली. मॅकर्नन दारूपायी पोखरला जाऊन १९७३ साली सत्ताविसाव्या वर्षी गेला. गार्सियाचा अंतही व्यसनमुक्तीच्या उपचारकेंद्रात हृदय बंद पडून झाला. यातले काही अनुकरणीय आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु याच आउझ्लीला एक चांगली सवय होती. आपण जुळवलेला आवाज सभागृहात नीट पोचला की नाही, हे दुसऱ्या दिवशी तपासता यावे म्हणून तो प्रत्येक मैफलीची ध्वनिफीत करून ठेवी. ही फीत विक्रीसाठी नसे. एखादा हिशेबी दुकानदार रोजमेळ लिहितो, तशी ती त्याची आवाजाची रोजनिशी होती. ग्रेटफुल डेडच नव्हे, त्याच्या कानावर आलेले पुष्कळांचे संगीत या रोजनिशीत उतरले. त्याच्या मागे राहिलेल्या रिळांची संख्या १,३०० च्या वर भरते.

दुसरे नाव बेटी कँटर-जॅक्सन या बाईंचे. पुरुषांच्याच ताब्यात असलेल्या या धंद्यात त्यांनी आपल्या कानाच्या बळावर स्थान मिळवले. १९७०च्या दशकातील त्यांच्या फितींत प्रत्येक वाद्य स्वच्छ ऐकू येते आणि तरीही सर्व मिळून एकच आवाज वाटतो. चाहत्यांमध्ये या फिती त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. एखाद्या ध्वनिमुद्रिकेवर गायकाचे नाव लोक वाचतात. ती मुद्रित करणाऱ्याचे नाव लोकांच्या तोंडी राहावे, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

तिसरे नाव कोणा एकाचे नाही. ते तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांचे आहे. १९७०च्या सुमारास ध्वनिमुद्रणाची यंत्रे हातात धरून नेण्याइतकी लहान झाली आणि काही श्रोते कोटाखाली, पिशवीत यंत्र लपवून सभागृहात नेऊ लागले. इतर बँडांनी असल्या माणसांना दारातून परत पाठवले. त्यांच्या चिंतेला आधार होता. १९६९ साली बॉब डिलन यांच्या अप्रकाशित गीतांची तबकडी चोरून छापली जाऊन दुकानांत विकली गेली होती आणि अशा चोरट्या तबकड्यांचा एक धंदाच पुढे उभा राहिला. ग्रेटफुल डेडने निराळा विचार केला. गार्सियाची भूमिका साधारण अशी होती की, आमचे वाजवून झाले, आता ते ज्याला हवे त्याने घ्यावे. पुढे मुद्रण करणाऱ्यांची गर्दी इतकी वाढली की त्यांच्या उंच दांड्यांवरील मायक्रोफोनांमुळे ध्वनियोजकालाच रंगमंच दिसेनासा झाला. तेव्हा २७ ऑक्टोबर १९८४ रोजी बर्कली येथील मैफलीपासून, ध्वनियोजकाच्या मागे त्यांच्यासाठी खास जागा राखून तिची वेगळी तिकिटे देण्यास बँडने आरंभ केला. ज्यांना इतरत्र चोर समजत, त्यांना येथे पाट मांडून बसवले.

या औदार्याबरोबर एक अट आली आणि ती बँडने सांगण्याआधीच चाहत्यांनी आपण होऊन पाळली होती. फितीचा पैसा करायचा नाही. मला तुमची फीत हवी असेल तर मी तुम्हाला माझ्याकडची दुसरी फीत द्यायची. माझ्याकडे काहीच नसेल तर कोरी कॅसेट आणि परतीचे टपालतिकीट पाठवायचे. नवख्याला जुन्याने पहिली फीत अशीच द्यावी आणि नवख्याने पुढे तिसऱ्याला द्यावी, हा संकेत होता. नव्वद मिनिटांच्या कॅसेटा अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला टपालाने जात. कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. त्यामुळे गाणे ऐन रंगात असताना बाजू संपे आणि यंत्रातली फीत उलटीपर्यंतचे क्षण कायमचे हुकत. श्रोत्यांना तीही जागा पाठ होई.

फितीवरून फीत काढली की प्रत्येक वेळी थोडी खरखर वाढते. म्हणून चाहते फितीची 'पिढी' मोजीत. मूळ फितीवरून काढलेली ती पहिली पिढी, तिच्यावरून काढलेली दुसरी. सातव्या-आठव्या पिढीला पोचेपर्यंत गाणे पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ऐकल्यासारखे होई. तरीही लोक ती ऐकत आणि कधीतरी याच तारखेची पहिल्या पिढीची प्रत मिळेल या आशेवर राहत. आपल्याकडील पोथ्यांच्या नकलांचा अभ्यास ज्यांनी केला आहे, त्यांना हा प्रकार अनोळखी वाटणार नाही. नकलेची नकल होताना जशी अक्षरे झडतात, तसे येथे स्वर झडत होते.

येथे दोन प्रकारच्या ध्वनिमुद्रणांतील फरक सांगितला पाहिजे. एक ध्वनियोजकाच्या मेजावरून थेट घेतलेले. त्यात वाद्ये आणि गळे स्वच्छ असतात, पण सभागृह जवळजवळ नसतेच; बंद खोलीत वाजवल्यासारखे वाटते. दुसरे श्रोत्यांत बसून घेतलेले. त्यात शेजारच्याचे खोकणे, टाळ्या, कोणाचे तरी ओरडणे सारे येते. पण आवडते गाणे सुरू होताच हजारो लोकांनी घेतलेला श्वासही त्यातच येतो. पहिल्याने काय वाजले ते कळते, दुसऱ्याने ते वाजले तेव्हा तेथे असणे म्हणजे काय ते कळते. जाणता चाहता दोन्ही जपतो.

बँडच्या स्वतःच्या भांडारातही फिती साठत होत्या. तिची व्यवस्था १९८५ साली डिक लॅटव्हाला यांच्याकडे आली. हे गृहस्थ कोणी पदवीधर दप्तरतज्ज्ञ नव्हते. हवाई बेटावर बसून वर्षानुवर्षे टपालाने फिती गोळा करणारे आणि ऐकलेल्या प्रत्येक मैफलीवर वहीत अभिप्राय लिहून ठेवणारे ते एक चाहते होते. कोठीची किल्ली अशा माणसाच्या हाती दिली हे फार शहाणपणाचे झाले. १९९३ साली त्यांच्या निवडीने जुन्या मैफलींची एक मालिका निघू लागली आणि तिला नावही त्यांचेच मिळाले. मूळ फितीत दोष आहेत, ते समजून घ्यावी, असा इशारा वेष्टनावर छापलेला असे. मालाचे दोष स्वतःच सांगणारा दुकानदार विरळा. पण गिऱ्हाईक त्यामुळे दुरावले नाही. १९९९ साली लॅटव्हाला वारले. मालिका छत्तीस भागांपर्यंत २००५ साली पोचली. त्यांच्या जागी आलेले डेव्हिड लेम्यू यांच्या निवडीची नवी मालिका २०१२ पासून वर्षाला चार भाग या बेताने सुरू झाली. त्याआधी, १९७२ सालच्या युरोपच्या दौऱ्यातील सर्वच्या सर्व बावीस मैफली २०११ साली ७३ तबकड्यांच्या एका पेटीत निघाल्या. पेटीची किंमत काही थोडी नव्हती, तरी सगळ्या प्रती अवघ्या काही दिवसांत संपल्या. २०१५ साली दर वर्षाची एक याप्रमाणे तीस मैफलींची ८० तबकड्यांची पेटी आली.

इतके मिळाल्यावर आशा शमावी. पण आशेचा स्वभाव तसा नाही. प्रत्येक नवा भाग निघाला की पुढचा कोणता असेल याची चर्चा सुरू होते. अमुक वर्षाच्या वसंत ऋतूतला दौरा अजून का नाही? अमुक रात्रीची मूळ फीत खरोखर गहाळ आहे की कोठे पडून आहे? आणि ही आशा अगदीच निराधार नसते, हे दाखवणाऱ्या दोन हकिकती आम्ही आता सांगतो.

पहिली बेटीबाईंच्या फितींची. बँडशी त्यांचा संबंध तुटल्यानंतर त्यांनी आपल्या फिती भाड्याच्या एका गुदामात ठेवल्या होत्या. पुढे अडचणीचे दिवस आले, भाडे थकले आणि १९८६ साली गुदामवाल्याने आतील सामानाचा लिलाव केला. शेकडो रिळे निरनिराळ्या अनोळखी लोकांच्या हाती गेली. काहींना आपण काय घेतले आहे याची जाणीवही नव्हती. काही रिळे दमट जागी पडून त्यांवर बुरशी आली. मग चाहत्यांनी त्यांचा माग काढला, एकेक रीळ साफ केले, त्यावरून नव्या प्रती काढल्या आणि आपल्या रिवाजाप्रमाणे त्या विनामूल्य वाटल्या. त्यांत एक मैफल होती ८ मे १९७७ची, न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉल नावाच्या प्रशस्त सभागृहात झालेली. मे महिना असूनही त्या दिवशी तेथे बर्फ पडला होता. ही फीत हातोहात इतकी पसरली की बँडची सर्वोत्तम मैफल कोणती या वादात तिचे नाव पहिल्याने येऊ लागले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्राने जपून ठेवावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या २०११ सालच्या यादीत तिचा समावेश केला. आणि मौज अशी की, तोपर्यंत ती रीतसर प्रकाशित झालेलीच नव्हती! बेटीबाईंच्या मूळ फितींपैकी काही शेवटी बँडच्या भांडारात परत आल्या आणि मे २०१७ मध्ये, मैफलीला चाळीस वर्षे होत असताना, ती प्रथमच अधिकृतपणे बाहेर पडली.

श्रोतेहो, ती लोककथा आता आठवा. देणे थकले म्हणून अडकून पडलेले कलेवर आणि कोणी अनोळखी वाटसरूने येऊन केलेली सोडवणूक. बँडने कोशातून उचललेल्या नावाची कथा त्याच्याच फितींच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरावी, असे कोणा कादंबरीकाराने लिहिले असते तर आपण त्याला हसलो असतो.

दुसरी हकिकत लहान आहे. १९७१ साली कीथ गॉडशो नावाचा पियानोवादक बँडमध्ये आला. गाणी बसवून घेण्यासाठी त्याला त्या वर्षीच्या मैफलींच्या काही फिती देण्यात आल्या. त्या त्याच्या आईवडिलांच्या नौकागृहात राहून गेल्या. कीथ १९८० साली गेला. सुमारे पस्तीस वर्षांनी त्या फिती सापडल्या आणि लॅटव्हालांच्या नावाच्या मालिकेतील पस्तिसावा भाग त्यांतूनच तयार झाला. शिकण्यासाठी दिलेली वस्तू परत करायला विसरणे हा एरवी दोष; येथे त्या विसरण्यानेच ती वाचली.

आता अशाच एका फितीची गोष्ट, जिचा धागा आपल्यापर्यंत येतो. २९ मे १९७० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकाठी, एरवी जेथे रॉक बँड वाजत अशा एका सभागृहात, उस्ताद अली अकबर खाँ यांचे सरोदवादन झाले. सतारीवर इंद्रनील भट्टाचार्य होते आणि तबल्याला मुंबईत जन्मलेला एकोणीस वर्षांचा झाकीर हुसेन. ध्वनियोजनेच्या मेजाशी आउझ्ली बसला होता आणि सवयीप्रमाणे त्याने आपली रोजनिशी चालू ठेवली होती. ती फीत पन्नास वर्षे तशीच राहिली. अली अकबर खाँ २००९ साली गेले, आउझ्ली २०११ साली ऑस्ट्रेलियात मोटार अपघातात गेला. त्याच्या फिती जपण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेने २०२० साली ती मैफल प्रकाशित केली आणि तिला नाव दिले ते 'मनाला रंगवणारे' अशा अर्थाचे. म्हणजे आपल्या 'राग' या शब्दाचाच अर्थ. झाकीर हुसेन यांनी ग्रेटफुल डेडचा दुसरा तालवादक मिकी हार्ट याच्याबरोबर पुढे अनेक वर्षे काम केले. डिसेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या उमेदीच्या वयातील एक संपूर्ण संध्याकाळ आज ऐकता येते, ती एका रॉक बँडच्या माणसाने यंत्र बंद केले नाही म्हणून.

येथवर सारे गोड झाले. पण प्रश्नाची दुसरी बाजू न मांडता उठणे योग्य होणार नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये या प्रकरणात कटुता आली. इंटरनेट आर्काइव्ह या सार्वजनिक संग्रहात चाहत्यांनी हजारो मैफली ठेवल्या होत्या आणि त्या कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येत. बँडच्या बाजूने अचानक हे बंद करण्यात आले. चाहत्यांत संताप उसळला, निषेधाची पत्रके निघाली, बहिष्काराची भाषा झाली. खुद्द फिल लेश यांनी, हा निर्णय घेताना आपल्याला विचारले नव्हते, असे जाहीर केले. थोड्याच दिवसांत तडजोड झाली. श्रोत्यांनी घेतलेली मुद्रणे पूर्ववत उतरवून घ्यावीत. ध्वनियोजकाच्या मेजावरची फक्त तेथल्या तेथे ऐकावीत.

कोणाचे चुकले? चाहत्यांचे म्हणणे असे की, या फिती आम्ही जपल्या, आम्ही वाटल्या, त्यांच्यामुळेच बँडची कीर्ती वाढली. ते खरे आहे. बँडचे म्हणणे असे की, वाजवले आम्ही, यंत्रे आमची, भांडार सांभाळण्याचा खर्च आमचा. तेही खोटे नाही. शिवाय कलावंताच्या बाजूने आणखी एक नाजूक गोष्ट आहे. प्रत्येक संध्याकाळ चांगली जात नाही. घसा बसतो, बोट चुकते, मन ठिकाणावर नसते. आपले उणे दिवस जगापुढे येऊ नयेत असे कलावंताला वाटले तर त्याला तो हक्क नाही काय? आमच्या मते आहे, आणि चाहत्याने आशा जरूर करावी, पण हक्कसांगी करू नये. मात्र याच बँडने दाखवून दिले की उण्या दिवसांनी कलावंत लहान होत नाही. ज्याने शंभर वेळा वाट चुकलेली ऐकली, त्यालाच एकशे एकाव्या वेळी सापडलेल्या वाटेचे मोल कळते.

तथापि या वादात एक तिसरा पक्ष आहे आणि तो कोणाची वाट पाहत नाही. तो म्हणजे काळ. ध्वनिफीत ही प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर लोहभस्माचा थर एका चिकट द्रव्याने बसवलेला असतो. कित्येक फितींतील हे द्रव्य हवेतील ओल शोषून घेते आणि फीत चिकटू लागते. अशी फीत तशीच वाजवली तर थर खरवडून निघतो, म्हणजे गाणेच खरवडून निघते. जाणकार तिला मंद आचेवर काही तास शेकवतात. तेवढ्याने ती थोड्या काळापुरती सावरते आणि त्या अवधीत तिची प्रत काढून घेतात. ही यंत्रे आणि ती चालवणारे हात दोन्ही विरळ होत चालले आहेत. आणि सारे काही एकाच कोठीत ठेवण्याचा धोका निराळाच. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवाराला आग लागली, तीत मूळ ध्वनिफितींचे मोठे भांडार सापडले. नेमके किती गेले याचे आकडे पुढे वादग्रस्त ठरले. पण कित्येक कलावंतांना आपल्या फिती तेथे असाव्यात ही शंकाही अकरा वर्षांनी, २०१९ साली, वृत्तपत्रांतून आली.

म्हणून ग्रेटफुल डेडच्या या वृत्तांतातून आमच्या मते तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, कलावंताने श्रोत्यावर विश्वास टाकला तर श्रोता तो विश्वास वाया जाऊ देत नाही. तीस वर्षांच्या मैफलींपैकी बहुतेक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात वाचल्या त्या कडक पहाऱ्याने नव्हे. दुसरी, एका ठिकाणी असलेली वस्तू ही जवळजवळ हरवलेलीच समजावी. ती अनेक घरी असली म्हणजे एका घराच्या आगीने, लिलावाने किंवा विस्मरणाने जात नाही. तिसरी, नुसते साठवणे पुरे नाही. कोठे, केव्हा, कोणी वाजवले हे लिहून ठेवणारा आणि ते ऐकलेला माणूस भांडाराला लागतो. तारखेवाचून फीत म्हणजे नावावाचून पत्र. ते पोचते, पण कोणाचे ते कळत नाही.

हे आम्ही अमेरिकेतील एका बँडविषयी बोलत आहोत. परंतु या सभागृहात बसलेल्यांपैकी काहींच्या घरी माळ्यावर किंवा फडताळाच्या तळाशी अशीच रिळे, अशाच कॅसेटा असतील. वडिलांनी किंवा काकांनी कोणाच्या दिवाणखान्यातील गाणे हौसेने मुद्रित केलेले असेल. वेष्टनावर पुसटशी तारीख असेल किंवा नसेल. यंत्र बिघडले म्हणून ती वाजवली जात नसतील आणि दिवाळीच्या साफसफाईत दर वर्षी त्यांच्याकडे संशयाने पाहिले जात असेल. त्या रद्दीत टाकण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या माणसांना, त्यांना आठवते आहे तोवर, कोण गात होते, तबल्याला कोण होते, एवढे विचारून ठेवावे आणि जाणत्या माणसाकडून त्यांची एक प्रत काढून घ्यावी. त्या संध्याकाळची वाट पाहणारा कोणी तरी असतो. तो आपल्याला ठाऊक नसतो, एवढेच.

आशा ठेवणाऱ्यांना सगळेच मिळत नाही. ग्रेटफुल डेडच्या आरंभीच्या वर्षांतील कित्येक रात्री कोणीच मुद्रित केल्या नाहीत. त्या गेल्या त्या गेल्या, आणि त्यांच्यासाठी कितीही वाट पाहिली तरी कोठूनही पेटी येणार नाही. चाहतेही हे जाणतात. तरी कोठल्या तरी नौकागृहात, कोठल्या तरी गुदामात एखादे रीळ असेल म्हणून ते चौकशी करीतच राहतात. त्यांच्या या चिवट चौकशीमुळेच जे वाचले ते वाचले आहे.